बंड्याच्या तोंडाचा वास आणि भुलीची भीती

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं कापून देतो आहे:

“आमचा बंड्या नऊ वर्षांचा, पांढरा पॉमेरियन. वर्षभरापासून तोंडाला इतका वास येतो की पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत ठेवावं लागतं. दाढा तपकिरी झाल्यात. जेवतो मात्र नेहमीसारखा, म्हणून आम्ही वयाचं समजून सोडून दिलं. मध्यंतरी ब्रश आणला, तर पहिल्या दिवशी गुरगुरला आणि दुसऱ्या दिवशी हातावरच आला. इथल्या डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ करायला सांगितलंय. मिस्टर म्हणतात, या वयात भूल नको. केस कापायला येणारा मुलगा म्हणतो, भूल न देता अर्ध्या तासात दात पांढरे करून देतो, तेही स्वस्तात. सासूबाई म्हणतात, थोडी मिश्री लावा, नाहीतर मटणाची नळी द्या, आपोआप साफ होतील. त्यात दिवाळीत रस्त्यावरून उचललेली चिंगी आता चार महिन्यांची झाली. परवा तिच्या खेळण्यावर रक्त दिसलं आणि पोटात गोळाच आला. बंड्याचं काय करू, आणि चिंगीचं तरी पहिल्यापासून नीट कसं ठेवू?”

ताई,

चिंगीचं आधी सांगतो, म्हणजे एक काळजी लगेच उतरेल. चार महिन्यांच्या पिल्लाच्या खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला, तर बहुतेक वेळा दुधाचे दात पडायला लागलेले असतात. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. ते जाऊन ४२ पक्के दात येतात आणि हे सगळं साधारण सातव्या महिन्यापर्यंत चालतं. पडलेले दात ती बहुतेक गिळूनच टाकते, ते शोधत बसू नका. ठिपक्याऐवजी रक्त वाहत असेल किंवा पिल्लू मलूल असेल, तर मात्र दाखवून आणा. बाकी तिच्याबद्दल शेवटी बोलू.

आता बंड्या. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ वासाची नाही, “जेवतो मात्र नेहमीसारखा” ही आहे. दात दुखतो म्हणून कुत्रा सहसा जेवण सोडत नाही. हिरडीतून पू येत असतो, दाढ हलत असते, तरी ताटली चाटूनपुसून साफ. मुळात कुत्रा आपल्यासारखा घास चावत बसत नाही, आणि दूधपोळी नाहीतर भिजवलेली भाकरी गिळायला दात लागतात कुठे? तेव्हा जेवणावरून तोंडाची पारख करू नका. दुसरं काहीतरी बघा. कडक बिस्कीट उचलून परत खाली टाकतो का? एकाच बाजूने चावतो का? पाण्याच्या भांड्यात गुलाबी लाळ दिसते का? डोक्यावरून हात फिरवून घेतो, पण गालाशी हात गेला की मान काढून घेतो का? पूर्वी फडकं ओढायला यायचा आणि आता येत नाही, असं झालंय का? माणसं या सगळ्याला “आता म्हातारा झाला” म्हणतात. तोंडाचं दुखणं काढलं की यातले काही म्हातारे महिनाभरात पुन्हा फडकं ओढायला लागतात.

ब्रश लावताना तो गुरगुरला, त्याचाही अर्थ हाच असावा. बंड्या तापट झालेला नाही, त्याला दुखलं असणार. सुजलेल्या हिरडीवर आपल्याला कुणी ब्रश घासला असता तर आपणही हात झटकला असता. यात तुमचं चुकलं असं नाही, क्रम तेवढा उलटा झाला. तपकिरी किटण चढलेल्या, दुखऱ्या तोंडाला ब्रश लावून काही मिळत नाही. किटण ब्रशने निघत नाही, आणि कुत्रा मात्र ब्रशला कायमचा घाबरतो. आधी डॉक्टर, मग थोडी विश्रांती, आणि मग ब्रश. एवढं पाळलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

ब्रशने किटण का निघत नाही ते सांगतो. साफ दातावरही काही तासांत जंतूंचा एक चिकट, डोळ्याला न दिसणारा थर बसतो. तो मऊ असेपर्यंत ब्रशने पुसला जातो. पण दोन-तीन दिवस तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचा दगड होतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कधर्मी असते, म्हणून कुत्र्याच्या दातावर किटण भराभर चढतं. याच कारणामुळे कुत्र्यांचे दात आपल्यासारखे क्वचितच किडतात, हेही जाता जाता सांगायला हवं. त्यांचा खरा आजार दाताचा नाहीच, हिरडीचा आणि हाडाचा आहे. तीन वर्षांच्या आतबाहेर बहुतेक कुत्र्यांत त्याची सुरुवात दिसते. गालाच्या आत लाळेची नळी जिथे उघडते, तिथे समोर वरच्या मोठ्या दाढा असतात. सगळ्यात जाड किटण तिथेच सापडतं. बंड्याचा ओठ न दुखवता वर उचलता आला तर तिथे बघा.

तपकिरी थर दिसतो, पण खरं नुकसान हिरडीच्या खाली होतं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. कुत्र्यात ती ३ मिलिमीटरपर्यंत खोल असली तर ठीक मानतात. जंतू त्या खाचेत उतरले की हिरडी लाल होते, सुजते, हात लावला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं परत फिरवता येतं. पुढे खाच खोल होत जाते आणि दात धरून ठेवणारं हाड झिजतं. झिजलेलं हाड परत येत नाही. आपण ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो. दोघांचाही जबडा छोटा, आणि दात मात्र लॅब्राडोरइतकेच ४२, म्हणजे दाटीवाटी आलीच. अशा लहान कुत्र्यांत खालच्या जबड्याचं हाड इतकं झिजू शकतं की पलंगावरून उडी मारल्याचं निमित्त होऊन जबडा मोडतो. वरच्या सुळ्याचं मूळ सडलं तर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडतं, आणि कुत्रा जेवताना शिंकायला लागतो. डोळ्याच्या खाली गालावर अचानक गोळा आला की लोक गांधीलमाशी चावली म्हणतात. तो बरेचदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेला पू असतो. गोळ्यांनी उतरतो, महिन्याभरात परत येतो, कारण दाढ तिथेच असते.

हिरडीतले जंतू रक्तात जाऊन हृदय नि मूत्रपिंड बिघडवतात, असं सांगून माणसांना घाबरवायची एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही. त्याला रोज दुखतंय, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मात्र तोंडाचा प्रत्येक वास दातांचाच असतो असंही नाही, आणि नऊ वर्षांच्या कुत्र्यात हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मूत्रपिंडं थकली की तोंडाला अमोनियासारखा, लघवीच्या जवळ जाणारा वास येतो, जिभेच्या कडेला फोड येतात, कुत्रा पाणी खूप पितो. मधुमेह हाताबाहेर गेला तर गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. हिरडीवर गाठ असेल, मग ती काळी असो वा गुलाबी, आणि वाढत असेल, तर ती आधी तपासायची. नुसता काळा डाग बघून मात्र घाबरू नका. कितीतरी कुत्र्यांच्या हिरड्या जन्मापासून काळ्या-गुलाबी ठिपक्यांच्या असतात.

आणि गोचीड! आपल्याकडे हिरड्यांबद्दल बोलताना गोचीड विसरून चालत नाही. हिरडीतून रक्त येतंय, पण दात बऱ्यापैकी स्वच्छ आहेत, हिरडी गुलाबी नसून पांढुरकी दिसते, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत किंवा नाकातून रक्त आलं, तर तो गोचिडांमुळे येणारा ताप असू शकतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. अशा कुत्र्याचे दात काढायला घेतले तर रक्त थांबता थांबत नाही. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. घरी करता येण्यासारखी ही एक चांगली तपासणी आहे. ती नीट आली म्हणून रक्ततपासणी टाळायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता मिस्टरांच्या भीतीबद्दल. ती भीती खुळी नाही. भुलीत धोका असतोच, आणि वयाबरोबर तो वाढतो. पण किती? ब्रिटनमध्ये २००८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भूल किंवा गुंगी दिलेल्या कुत्र्यांपैकी साधारण ०.१७ टक्के दगावले होते. निरोगी कुत्र्यांत हेच प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे दोन हजारांत एक होतं, तर आजारी कुत्र्यांत टक्क्याच्या थोडं वर. हे आकडे तिथल्या दवाखान्यांचे आहेत, आपल्या तालुक्याच्या दवाखान्याला जसेच्या तसे लावू नका. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: कुत्रा आतून निरोगी आहे की आजारी, याने फार मोठा फरक पडतो. म्हणून “नऊ वर्षांचा आहे” हे भूल नाकारायचं कारण होत नाही. नऊ वर्षांचा आहे म्हणून आधी रक्त तपासा, मूत्रपिंड आणि यकृत बघा, हृदय ऐका. छोट्या जातींत या वयात हृदयाची झडप गळायला लागलेली असू शकते, आणि अशा कुत्र्यांची श्वासनलिकाही कधी कधी ढिली असते. बंड्या रात्री खोकत असेल, पट्टा ओढल्यावर बदकासारखा आवाज काढत असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता आपणहून सांगा. गरज वाटली तर ते ईसीजी, एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगतील.

मिस्टरांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा. श्वासनलिकेत नळी घालणार का? सलाईन लावणार का? भुलीत असताना नाडी, श्वास, ऑक्सिजन यांच्याकडे बघायला दुसरा माणूस असेल का? अंग गरम ठेवायची काय सोय आहे? (छोटा कुत्रा भुलीत फार लवकर गार पडतो.) दातांचे एक्स-रे निघतील का? दात काढावा लागला तर त्याचे पैसे वेगळे का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. येत असेल तर दुसरीकडे विचारा. तुमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे चौकशी करा. पुणे जवळ असल्यामुळे तिथलाही पर्याय आहेच. दातांचे एक्स-रे सगळीकडे निघत नाहीत, म्हणून फोनवरच विचारून निघालेलं बरं. जमेल तिथे मी त्याचा आग्रह धरीन. दाताचं बरंचसं दुखणं मुळाशी असतं आणि मूळ डोळ्यांना दिसत नाही.

केस कापणाऱ्या मुलाला मात्र स्पष्ट नाही म्हणा. तो वाईट मुलगा असेल असं नाही, पण हे काम त्याचं नाही. शुद्धीत असलेला कुत्रा हिरडीखाली अवजार घालू देत नाही. त्यामुळे तो बाहेरचं किटण खरवडून दात पांढरे करील, आणि ते ओल आलेल्या भिंतीला चुना लावण्यासारखं होईल. आतली बाजू राहते, हिरडीखालचा मळ राहतो, खरवडलेला दात खडबडीत होतो आणि त्यावर नवं किटण आणखी लवकर धरतं. दवाखान्यात खरवडल्यानंतर दात पॉलिश करतात ते याचसाठी. शिवाय खरवडताना उडणारे तुकडे आणि पाणी श्वासात जाऊ नये म्हणून भुलीत घशात नळी असते, इथे तीही नसते. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन या जागतिक संघटनेने २०२० मध्ये दातांच्या उपचारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत भुलीशिवाय दात साफ करण्याला सरळ विरोध आहे. सगळ्यात वाईट भाग असा की दात पांढरे दिसले की घरचे निर्धास्त होतात, आणि वर्षभर तोंडाकडे कुणी बघत नाही.

सासूबाईंची मिश्री. ताई, हे त्यांना दुखावून नको, पण आजच्या आज थांबवा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. माणूस लावून थुंकतो, कुत्रा सगळं गिळतो. बंड्याएवढ्या छोट्या अंगाला तेवढं निकोटिन भारी पडतं. लाळ, उलट्या, थरथर, नाडी धावणं, आणि जास्त गेलं तर झटके. डबी त्याच्या नि चिंगीच्या तोंडाला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा. चिंगी तर या वयात डबीसकट चावून बघेल. तंबाखू चालत नाही म्हणून तिच्याऐवजी लवंगेचं तेल, कापूर घातलेलं दंतमंजन, खायचा सोडा, हेही नको. माणसांची टूथपेस्ट नको, कारण तिच्यात फेस आणि फ्लोराइड असतं, आणि कुत्र्याला चूळ भरता येत नाही. काही पेस्टमध्ये, च्युइंगगममध्ये आणि तोंड धुवायच्या द्रवांत झायलिटॉल नावाची साखर असते. ती कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणते आणि यकृतही बिघडवू शकते. हळद आणि खोबरेल तेल निरुपद्रवी आहेत म्हणून लोक लावतात. निरुपद्रवी आहेत, पण त्याने हिरडीखालचं काही हलत नाही आणि पांढरी दाढी पिवळी होते ती वेगळीच. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन (म्हणजे पॅरासिटामॉल), कॉम्बिफ्लाम (आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल), डायक्लोफेनॅक देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला व्रण करतात, मूत्रपिंडं बसवतात, आणि पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृत जातं.

नळीचं तसं नाही, नळीमागे एक अनुभव आहे. हाड चघळणाऱ्या कुत्र्याचे दात वरून खरंच साफ दिसतात, सासूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असणार. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. वरची मोठी दाढ कात्रीच्या पात्यासारखी चालते, आणि कडक हाडावर जोर लागला की तिचा बाहेरचा कपचा उडतो. आतली नस उघडी पडते आणि पुढे तोच डोळ्याखालचा गोळा. शिजलेलं हाड तर आणखी वाईट, त्याच्या चिपा होतात. नळीचा गोल तुकडा खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे अडकून बसतो, तो कापून काढावा लागतो. दुकानात मिळणारी हरणाची शिंगं, जनावरांचे खूर, दगडासारखे चीजचे तुकडे, नायलॉनची हाडं, यांनाही तोच नियम. करवंटीलाही. माझी कसोटी सोपी आहे. अंगठ्याचं नख दाबून बघा. नख थोडंसुद्धा रुतत नसेल तर ती वस्तू कुत्र्याच्या तोंडात द्यायची नाही. बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या काडीचं कौतुक असणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. टाळूला आडवी, दोन्हीकडच्या दाढांच्या मध्ये काडी अडकलेला कुत्रा हा दवाखान्यातला नेहमीचा पाहुणा आहे.

समजा तपासण्या ठीक आल्या आणि तारीख ठरली. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतील. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते विचारून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. कुणीतरी मायेने सकाळी बिस्कीट भरवतं आणि दिवस वाया जातो, किंवा उलटी श्वासात जाण्याचा धोका होतो. चालू असलेल्या औषधांची यादी न्या. डॉक्टर आत गेल्यावर “पाच दात काढावे लागले” असं सांगतील, तर हबकू नका. नऊ वर्षांच्या छोट्या कुत्र्यात तसं होतं. दुखऱ्या दातापेक्षा दात नसलेली जागा कितीतरी बरी. सगळे दात काढलेले कुत्रेही मजेत जेवतात. टाके बहुतेक विरघळणारे असतात. दोनेक आठवडे मऊ खाणं द्या, दहीभात, भिजवलेलं खाद्य, गार खिचडी. कडक खेळणी बंद, आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक पूर्ण द्यायचं. तो “बरा दिसतो” म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. आणि नुसत्या वासासाठी अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन घरी परत येऊ नका. आठवडाभर वास जातो, मग परत येतो.

हिरड्या भरून आल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, की ब्रश. जुना ब्रश फेकून द्या, बंड्याला त्याची आठवण आहे. पहिला आठवडा नुसता ओठ उचलायचा आणि खाऊ द्यायचा. त्याचं तोंड आवळून धरायचं नाही, समोर उभं राहायचं नाही. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसा. मग बोटाला गॉज गुंडाळून चिकनच्या पाण्यात बुडवा. तुमच्याकडे अळणी (मटण-चिकनचं बिनतिखट पाणी) होतच असेल, फक्त कांदा-लसूण-मीठ पडायच्या आधी वाटीभर बाजूला काढा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. ते चाटता चाटता दोन दात पुसा, झालं. चारपाच दिवसांनी आणखी दोन. मग लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटावर चढवायचा ब्रश, आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट, चिकनच्या चवीची मिळते. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला थोडे तिरके टेकवायचे आणि छोटे गोल फिरवायचे. फक्त बाहेरची बाजू. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते, आणि तिथे जायच्या हट्टात बरीच माणसं ब्रश सोडून देतात. एका बाजूला अर्धा मिनिट पुरे. मागच्या दाढांपासून सुरुवात करा, कारण कुत्रा कंटाळेपर्यंत जे होईल ते तिथे व्हायला हवं. समोरचे दात छान दिसतात, पण किटण तिथे कमी असतं.

रोज करा. एक दिवसाआड केलं तरी थोडा उपयोग आहे, रविवारी-रविवारी केलं तर जवळजवळ नाही. दोन-तीन दिवसांत दगड होतो हे वर सांगितलंच. संध्याकाळच्या फेरीनंतर आणि जेवणाच्या आधी केलंत तर जेवण हेच बक्षीस होतं. बंड्या कायमचाच बिथरला असेल आणि हात लावू देत नसेल, तर भांडू नका. डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीची क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची जेल, दातांसाठीचं खास खाद्य, चावायच्या पट्ट्या असे पर्याय विचारा. ते ब्रशएवढे चांगले नाहीत, पण काहीच न करण्यापेक्षा बरे. अशा वस्तूंवर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का असेल तर त्या घ्या. त्या संस्थेने चाचण्यांचे निकाल बघून तो दिलेला असतो. “डेंटल” असं पाकिटावर कुणीही छापू शकतं. साधं कोरडं खाद्य दात घासतं हा समज तर सोडूनच द्या, तो दाणा दाताला लागतो न लागतो तोच फुटतो.

चिंगीच्या बाबतीत तुम्ही फार चांगल्या वेळी विचारलंत. पण आत्ता ब्रश नको. दात येताना हिरड्या हुळहुळतात, आणि बंड्याच्या बाबतीत जे झालं तेच तिच्या बाबतीतही होईल. आत्ता फक्त ओठ उचलणं, बोट फिरवणं, तोंड उघडून बंद करणं आणि शाबासकी. चावायला ओलं फडकं गाठ मारून फ्रीजमध्ये गार करून द्या, बर्फाचे खडे नकोत. सातव्या महिन्यानंतर ब्रश सुरू करा. सहाव्या महिन्यात, नाहीतर गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रियेच्या आधी, एकदा तोंड नीट बघा. वरचा किंवा खालचा सुळा जोडीने दिसतोय का, एक बारीक टोकदार आणि शेजारी एक जाड? बारीक असतो तो न पडलेला दुधाचा दात. एकाच जागेत दोन दात राहिले की मध्ये घाण धरते आणि पक्का सुळा वाकडा येतो. हे छोट्या जातींत जास्त होतं, गावठी पिल्लांत कमी, पण बघायला काहीच खर्च नाही. असेल तर शस्त्रक्रियेच्या त्याच भुलीत काढून घेता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी दोन कुत्री घरात असताना सांगणं भाग आहे. अचानक खूप लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, पाणी पिता येत नाही, आवाज बदललाय, असं कुठल्याही कुत्र्यात दिसलं तर “घशात हाड अडकलं असेल” म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्ये नेमकं असंच दिसतं. त्याला खोलीत बंद करून डॉक्टरांना फोन करा. हाताला लाळ लागली किंवा ओरखडा आला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी लशीसाठी जा. चिंगी रस्त्यावरची आहे, तिची रेबीजची लस वेळेवर झाली नसेल तर दातांचं राहू द्या, आधी ती करून घ्या.

आणि बंड्याची रक्ततपासणी याच आठवड्यात उरका. अहवाल आला की तारीख घ्यायची की आणखी काही बघायचं ते डॉक्टर सांगतील. तोवर ब्रशला हात लावू नका आणि त्याला मऊच खाऊ घाला.